खाली माग, वर बिऱ्हाड: सोलापूरच्या घरांत स्मोक अलार्म सक्तीचा करा

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका,
मा. मुख्य अग्निशमन अधिकारी,
आणि नगररचना विभाग, सोलापूर.

सादर नमस्कार.

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालकाचं कुटुंब कारखान्याच्या आवारातच राहत होतं, कामगारांची कुटुंबंही तिथेच होती. मृतांत एक लहान लेकरू होतं. त्याच सकाळी हैदराबादमध्ये चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागात, खाली दुकानं आणि वर राहतं घर असलेल्या जुन्या इमारतीत आग लागून १७ जण मरण पावले. त्यांतली आठ मुलं होती. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे आपल्या विणकरांच्या वस्तीतल्या, कितीतरी घरांची सोयरीक तेलंगणाशी आहे, त्यामुळे त्या रविवारी दोन्हीकडच्या बातम्या एकाच घरात येऊन आदळल्या.

मी या शहरात घरांचं आणि कारखान्यांचं वायरिंग करणारा परवानाधारक वीज कंत्राटदार आहे. माझी मागणी आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी लिहिलंय ते लक्षात राहील. ज्या इमारतीत खाली माग, दुकान, गोदाम किंवा कसलंही काम चालतं आणि त्याच छताखाली माणसं झोपतात, अशा प्रत्येक इमारतीत एकमेकांना जोडलेले स्मोक अलार्म, म्हणजे धूर ओळखून वाजणारी आणि एक वाजलं की सगळी वाजणारी यंत्रं, सक्तीचे करावेत. इमारत एकमजली असो की चारमजली, पत्र्याची असो की स्लॅबची. आणि यापुढे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या घराला, मग ते केवढंही असो, भोगवटा प्रमाणपत्र देताना झोपायच्या खोलीजवळ निदान एक अलार्म लावला आहे याची खात्री केली जावी.

आता हे नियमात का नाही, ते पाहू. आपल्याकडे आगीचा नियम उंची मोजतो. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग अग्निसुरक्षेचा आहे आणि राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीही अग्निसुरक्षेसाठी त्याच संहितेचा आधार घेते. त्या संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही उंच इमारत. तिच्यापासून नियम कडक होत जातात: पाण्याच्या टाक्या, पाइप, पंप, हाताने वाजवायची धोक्याची घंटा. त्याखालच्या राहत्या इमारतींत धूर आपोआप ओळखणारं यंत्र सक्तीचं नाही. आणि सोलापूर तर जवळजवळ सगळं त्याखालीच आहे. जोडभावी पेठ, शाहीर वस्ती, अशोक चौकाच्या आजूबाजूचा भाग, चाटी गल्ली, मंगळवार पेठ, कुठेही जाऊन बघा. तळमजला, पहिला मजला, फार तर वर एक पत्र्याची खोली.

राज्याच्या त्याच नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचं बांधकाम कमी जोखमीचं धरून परवानगीची प्रक्रिया सोपी केली आहे. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले, ते चांगलंच झालं; माझी त्याला हरकत नाही. पण आगीच्या हिशेबाने बघितलं तर पूर्व भागातलं छोट्या भूखंडावरचं घर या शहरातल्या सगळ्यात जास्त जोखमीच्या घरांपैकी आहे. खाली सुताचे गठ्ठे, तयार मालाच्या थप्प्या, तेलकट मागाच्या मोटारी आणि जुनी वायर. वर तीन पिढ्या झोपलेल्या. खाली उतरायला एकच जिना, आणि तो कारखान्यातूनच जाणारा. रात्री पुढचं शटर बंद.

हा साचा फक्त आपला नाही. ३० ऑगस्ट २०२३ ला पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या पूर्णानगरात दुकानाला आग लागून तिथेच राहणारं चार जणांचं कुटुंब गेलं. ३ एप्रिल २०२४ ला छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खालचं टेलरिंगचं दुकान पेटलं आणि वर झोपलेले एकाच कुटुंबातले सात जण गुदमरून गेले. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच धूर पोचला होता. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत पुन्हा तेच, खाली दुकान, वर घर, सात जण. सगळ्या घटना पहाटेच्या. सगळीकडे माणसं झोपेत. यांतली एकही इमारत आपण ज्याला टॉवर म्हणतो तशी नव्हती. प्रत्येक वेळी बातमीत शॉर्टसर्किटची शक्यता किंवा चार्जिंगला लावलेली गाडी असे शब्द येतात, चौकशी सुरू होते, आणि आठवडाभरात विषय मागे पडतो. आग कशाने लागली याची चौकशी व्हायलाच हवी. पण आग लागल्यावर माणसं जागी का झाली नाहीत, याची चौकशी कोणी करत नाही.

ती जागी होत नाहीत, कारण झोपेत नाक काम करत नाही. जळका वास आला की आपण उठू, असं प्रत्येकाला वाटतं. गाढ झोपेत वासाने जाग येत नाही. त्यातून धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस अधिकच गुंगीत जातो. म्हणून अशा दुर्घटनांत अंगावर भाजल्याच्या खुणा नसलेली माणसं अंथरुणातच सापडतात.

आपल्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे. घट्ट बांधलेला कापूस आणि सुती माल बहुधा लगेच भडकत नाही. गठ्ठा शेगडीतल्या गोवरीसारखा आतल्या आत धुमसत राहतो. तासभर, कधी त्याहूनही जास्त. या काळात ज्वाळा दिसत नाही, धूर आणि विषारी वायू मात्र निघत असतात आणि जिन्यातून वर चढत असतात. जिथे ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टरचं सूत आहे तिथे परिस्थिती आणखी वाईट, कारण ॲक्रिलिक जळताना सायनाइडचा वायू बाहेर पडतो. यात एक आशेची गोष्टही आहे. धुमसणारी आग वेळ देते. त्या वेळात कोणी जागं केलं तर अख्खं कुटुंब बाहेर पडू शकतं. स्मोक अलार्म नेमका याच वेळासाठी आहे.

हे यंत्र दोन प्रकारचं असतं. एकात किरणोत्सारी पदार्थाचा अगदी बारीक अंश असतो. ते भडकलेल्या आगीला लवकर ओळखतं, पण स्वयंपाकाच्या धुरालाही वाजत सुटतं. दुसरं प्रकाशावर चालतं, त्याला फोटोइलेक्ट्रिक म्हणतात. आतल्या प्रकाशाच्या झोतात धुराचे कण आले की प्रकाश विखुरतो आणि घंटा वाजते. धुमसणाऱ्या आगीला हे दुसरं लवकर पकडतं. सोलापूरला फोटोइलेक्ट्रिकच हवं, आणि नियमात ते तसंच लिहायला हवं. नुसतं 'धूरशोधक यंत्र' लिहून सोडलं तर बाजारात जे स्वस्त मिळेल ते छताला चिकटेल.

हे मी अनुभवाने सांगतो. आपल्या बाजारात 'स्मोक डिटेक्टर' म्हणून जे विकलं जातं, त्यातला बराच माल मोठ्या इमारतींच्या पॅनेलला, म्हणजे मुख्य नियंत्रण पेटीला, जोडायचा असतो. त्याला पॅनेलमधून दोन वायरी आणि चोवीस व्होल्टचा पुरवठा लागतो. तो स्वतः वाजत नाही. घरमालक ऑनलाइन स्वस्तात मागवतो, छताला लावतो, आणि आपलं घर सुरक्षित झालं असं समजून झोपतो. त्या यंत्रातून आयुष्यात कधी आवाज निघणार नाही. म्हणून घरासाठीच्या यंत्राची ओळख नियमातच सांगायला हवी. त्यात स्वतःचा भोंगा हवा, स्वतःची बॅटरी हवी, तपासणीचं बटण हवं, आणि युरोपचं ईएन १४६०४ किंवा अमेरिकेचं यूएल २१७ अशा घरगुती अलार्मच्या मानकाचा शिक्का हवा. आपल्याकडचं आयएस २१८९ हे मानक पॅनेल असलेल्या यंत्रणा कशा निवडाव्यात, कशा बसवाव्यात, कशा सांभाळाव्यात यासाठी उत्तम आहे. पण दोन खोल्यांच्या घरातल्या बाईला ते वाचून काय विकत घ्यायचं हे कळणार नाही.

आता सोलापुरातच येणाऱ्या अडचणी. परदेशातला नियम जसाच्या तसा उचलला तर तो इथे उन्हाळाभरही टिकणार नाही, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो.

आपला उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली तर त्याहून कितीतरी जास्त. साध्या घरगुती अलार्मच्या खोक्यावर बहुधा अडतीस-चाळीस अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात पत्र्याला थेट चिकटवलेलं यंत्र एकतर उगाच वाजेल किंवा लवकर खराब होईल. शिवाय पत्र्याखाली गरम हवेचा थर साचतो आणि सुरुवातीचा गार धूर त्या थराच्या खालीच अडतो. त्यामुळे पत्र्याच्या घरात यंत्र छताला न लावता भिंतीवर, पत्र्यापासून वीतभर खाली लावावं आणि जास्त तापमान सोसणारंच घ्यावं. उष्णतेवर वाजणारे अलार्म साधारण ५४ ते ६५ अंशांच्या दरम्यान वाजतात. ते स्वयंपाकघरात ठीक, पण उघड्या पत्र्याखाली त्यांचाही भरवसा धरू नये.

दुसरी अडचण रुईची. माग चालतो तिथे हवेत सुताची तूस तरंगत असते आणि ती यंत्राच्या जाळीत जाऊन बसते. मग यंत्र एकतर रोज खोटं वाजतं किंवा धूर आत शिरतच नाही. म्हणून मागांच्या मधोमध साधा स्मोक अलार्म लावा असं मी म्हणणार नाही. तो जिन्याच्या तोंडाशी, मागाचा भाग आणि घर जिथे जोडले जातात तिथे लावावा, दर महिन्याला ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करावा, आणि त्याला बिनतारी जोडलेला दुसरा अलार्म वर झोपायच्या खोलीत असावा. खालचा वाजला की वरचाही वाजतो. दोन्ही जोडलेले नसतील तर खालचा आवाज बंद दारापलीकडे, कूलरच्या घरघरीत, पोचणारच नाही.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कोणी बोलताना मी ऐकलेलं नाही. माग चालवणाऱ्या माणसाचे कान. वर्षानुवर्षं मागाच्या खडखडाटात काम केलं की आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासचे. बाजारातल्या बहुतेक स्मोक अलार्मची शिट्टी ३,००० हर्ट्झच्या थोडी वर असते. म्हणजे ज्या माणसाला सगळ्यात आधी जागं व्हायला हवं, त्याच्या कानाने जो आवाज गमावलाय नेमका तोच आवाज हे यंत्र काढतं. यंत्र तीन मीटरवर ८५ डेसिबल आवाज करतं असं खोक्यावर लिहिलेलं असतं. पण तो मोजणाऱ्या यंत्राला ऐकू येतो, तीस वर्षं माग चालवलेल्या आजोबांना नाही. यावर उपाय आहे. ५२० हर्ट्झच्या खालच्या पट्टीतला भोंगा असलेले अलार्म तयार होतात, आणि ऐकू कमी येणाऱ्यांच्या झोपायच्या खोलीत असाच भोंगा असावा अशी अट अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या संहितेत आहे. लहान मुलंही नेहमीच्या शिट्टीपेक्षा या खालच्या आवाजाने जास्त सहज उठतात. ज्या शहरातल्या हजारो घरांची कमाई मागावर झाली, त्या शहराच्या नियमात ही अट सगळ्यात आधी असायला हवी. असे अलार्म महाग आहेत आणि इथल्या दुकानांत सहजी मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. महापालिकेने एकगठ्ठा मागणी केली तर ते इथवर येतील.

स्वयंपाकघराचं थोडक्यात सांगतो. फोडणी, शेंगा भाजणं, मिरचीचा ठसका, देवघरातला धूप, हे रोजचं आहे. चुलीपासून किंवा गॅसपासून तीन मीटरच्या आत स्मोक अलार्म लावला तर तो आठवड्याभरात काढून फडताळात जाईल. स्वयंपाकघरात उष्णतेवर चालणारा अलार्म लावावा आणि धुराचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ. पंख्याच्या पात्यापासून मीटरभर लांब, कोपऱ्यात नको. एवढं पाळलं तरी बरंचसं खोटं वाजणं टळतं.

बॅटरीचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. बॅटरी संपत आली की यंत्र टुकटुक करतं, आणि लोक ती काढून घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतात. म्हणून ज्यांची बॅटरी काढता येत नाही आणि दहा वर्षं चालते अशीच यंत्रं नियमात मान्य करावीत. यंत्राचं आयुष्यही तेवढंच असतं. दहा वर्षांनी यंत्र बदलायचं. आपल्याकडे वीज जाते, शॉर्टसर्किट झालं तर एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पडतो, त्यामुळे घरच्या विजेवर विसंबलेलं यंत्र ऐनवेळी बंद असू शकतं. बॅटरी असायलाच हवी.

'हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत', हे मी बैठकांतून ऐकलं आहे. उत्तर द्यायला हवं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या आकडेवारीनुसार चालू स्थितीतला स्मोक अलार्म असलेल्या घरांत आगीतल्या मृत्यूचं प्रमाण, अलार्म नसलेल्या किंवा बंद पडलेल्या घरांच्या तुलनेत, साधारण ६० टक्क्यांनी कमी आहे. त्यांची घरं लाकडाची, आपली विटा-सिमेंटची, हे खरं. पण आपल्या घरात भिंत जळत नाही, चार भिंतींच्या आतलं सामान जळतं, आणि धूर दोन्हीकडे सारखाच मारतो. आपल्याकडच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत आगीतले निम्म्याहून अधिक मृत्यू राहत्या घरांत झालेले दिसतात.

आणि यातले बरेच देश एखाद्या आगीनंतरच शहाणे झाले. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात २०११ च्या ऑगस्टमध्ये स्लॅक्स क्रीक इथल्या एका घरात ११ जण जळून मेले. एकच मोठं कुटुंब, आजीपासून नातवंडांपर्यंत. त्या आगीच्या चौकशीनंतर राज्याने कायदाच बदलला: प्रत्येक घरात फोटोइलेक्ट्रिक आणि एकमेकांना जोडलेले अलार्म. १ जानेवारी २०१७ पासून नव्या घरांना, १ जानेवारी २०२२ पासून भाड्याने दिल्या जाणाऱ्या आणि विकल्या जाणाऱ्या घरांना, आणि १ जानेवारी २०२७ पासून उरलेल्या सगळ्यांना. स्कॉटलंडने १ फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराला जोडलेले अलार्म सक्तीचे केले. फ्रान्सने २०१५ मध्ये प्रत्येक घरात निदान एक अलार्म सक्तीचा केला. जपानचं उदाहरण आपल्याला सगळ्यात जवळचं आहे. २००४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय अग्निशमन कायदा दुरुस्त केला, जून २००६ पासून नव्या घरांना अलार्म सक्तीचा केला, आणि जुन्या घरांसाठी मुदत ठरवण्याचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उपविधींवर सोपवलं. २०११ पर्यंत देशभरातल्या नगरपालिकांनी लावलेल्या मुदती संपून जुन्या घरांनाही ही सक्ती लागू झाली.

सोलापूर महापालिकेला हे स्वतःच्या अधिकारात कितपत करता येईल, याचा मी विचार केला आहे. बांधकामाची नियमावली राज्याची आहे, ती बदलणं मुंबईच्या हातात, नगरविकास विभागाकडे. पण अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकेचं काम म्हणून नोंदलेली आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर उपाययोजना करण्याची आणि त्या चालू ठेवण्याची जबाबदारी आहे. दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. म्हणजे यंत्रणा आहे, कायद्याचा पाया आहे. सर्वसाधारण सभेत ठराव करून राज्याकडे नियमावलीत बदलाचा प्रस्ताव पाठवता येतो. त्याच नियमावलीत पावसाचं पाणी जिरवणं, सौर ऊर्जेवर पाणी तापवणं, सांडपाण्याचा पुनर्वापर यांच्या सक्तीच्या तरतुदी आहेत. त्या घालताना कोणी म्हणालं नाही की हे श्रीमंतांचं आहे. त्यांच्याच शेजारी झोपायच्या खोलीतल्या अलार्मचं एक कलम बसू शकतं.

आणि प्रस्ताव मंत्रालयात पडून असेल तोवर इथे बरंच करता येईल. ज्या धंद्याला महापालिकेचा परवाना लागतो, तो देताना किंवा त्याचं नूतनीकरण करताना एकच प्रश्न विचारा: या जागेत किंवा हिच्या वर रात्री कोणी झोपतं का? उत्तर 'हो' असेल तर अलार्मची अट घाला. तपासणीला माणूस पाठवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मालकाने बटण दाबून यंत्र वाजत असल्याचा छोटा व्हिडिओ आणि स्वयंघोषणा द्यावी, अग्निशमन विभागाने त्यातले थोडे वाटेल तेव्हा जाऊन बघावेत. दारोदार तपासणी सुरू झाली की यंत्राच्या पैशाइतकेच पैसे दुसरीकडे जातील आणि छताला काहीच लागणार नाही. मोबाइलला जोडलेली, वायफायवर चालणारी यंत्रंही सक्तीची करू नका. ती बिघडतात, पासवर्ड विसरला जातो, आणि पहाटे चार वाजता फोन सायलेंटवर असतो.

अलार्म वाजला आणि माणूस उठला, तरी तो जाणार कुठून, हे विचारलंच पाहिजे. मी या शहरात पाहिलेल्या बहुतेक घरांच्या खिडक्यांना आणि गॅलऱ्यांना लोखंडी ग्रिल वेल्डिंग करून कायमचं बसवलेलं आहे. चोराच्या भीतीने बसवलेलं, आणि ती भीती खोटी नाही. पण खालचा जिना धुराने भरला तर वरच्या मजल्यावरचं कुटुंब त्या ग्रिलच्या आत अडकतं. म्हणून अलार्मच्या अटीबरोबर दुसरी अट जोडा: रस्त्याच्या किंवा अंगणाच्या बाजूच्या निदान एका ग्रिलला आतून उघडणारं, बिजागरीचं दार असावं आणि त्याची किल्ली तिथेच खिळ्याला टांगलेली असावी. फॅब्रिकेशनवाल्याचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. कामगार झोपत असलेल्या कारखान्याला रात्री बाहेरून कुलूप लावणं तर पूर्ण बंद व्हायला हवं. याला कोणतीही सबब नाही. आणि जिन्याखाली इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावणं हेही, कारण तीच एकमेव वाट असते.

पैशाचं. चांगल्या साध्या अलार्मची किंमत हजार रुपयांच्या आसपासपासून सुरू होते, जोडलेल्या जोडीला त्याच्या काही पट. यंत्रमागधारकाला हे जड नाही. एका मागाच्या मोटारीच्या दुरुस्तीत याहून जास्त जातात. पण विडी कामगार बाईला जड आहे. तिच्या एका खोलीत तेंदूची पानं, तंबाखू, गॅस आणि झोपायची जागा एकच असते. कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये ३०,००० घरांची वसाहत उभी राहते आहे. त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांना मिळाली. ती वसाहत शहराच्या हद्दीबाहेर आहे, हे मी जाणतो. तिथे जिल्हाधिकाऱ्यांनी पुढाकार घ्यावा. घरामागे हजार रुपये धरले तर ३०,००० घरांचे तीन कोटी होतात, घाऊक खरेदीत त्याहून कमी. शासनाच्या पैशातून घर बांधून होत असतानाच, रंग देण्याआधी, एक यंत्र भिंतीवर बसवणं सगळ्यात स्वस्त पडतं. शहरातल्या जुन्या विडी घरकुलांत आणि झोपडपट्ट्यांत महापालिकेने फुकट द्यावं, आणि तिथे मागामुळे ऐकू कमी येणारी माणसं असलेल्या घरांना आधी, खालच्या पट्टीच्या भोंग्याचं.

सांभाळण्यासाठी दरवर्षी १४ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या अग्निशमन सेवा सप्ताहाचा उपयोग होईल. १९४४ मध्ये मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो पाळला जातो. आपल्याकडे त्या सप्ताहात शाळांत प्रात्यक्षिकं होतात. त्याच आठवड्यात प्रत्येक घराने बटण दाबून यंत्र तपासावं, रुई झाडावी, आणि शाळेतल्या मुलांना हे काम नेमून द्यावं. मराठीबरोबर तेलुगु, कन्नड आणि उर्दूत सूचना छापाव्यात. पूर्व भागातल्या किती घरांत म्हाताऱ्या माणसांना मराठी वाचता येत नाही ते आपल्या कर्मचाऱ्यांनाही ठाऊक आहे.

सगळ्या शहरावर एकाच दिवशी सक्ती लादा असं माझं म्हणणं नाही. पहिल्या वर्षी काम आणि घर एकत्र असलेल्या इमारती आणि सगळी नवी बांधकामं. दुसऱ्या वर्षी भाड्याने दिलेली घरं, कारण तिथे खर्च मालकाने करायचा आणि जीव भाडेकरूचा जातो. बाकीच्यांना पुढची तीन वर्षं. दंडापेक्षा घरपट्टीत थोडी सूट दिली तर लोक स्वतःहून पुढे येतील, असं मला वाटतं. निदान पहिल्या दोन वर्षांत दंड नकोच.

अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या आगीनंतर औद्योगिक वसाहतीत तपासण्या झाल्या, नोटिसा निघाल्या. त्या हव्याच होत्या. पण पूर्व भागातल्या गल्लीतली खाली माग आणि वर बिऱ्हाड असलेली घरं औद्योगिक वसाहतीत मोडत नाहीत आणि उंच इमारतींतही मोडत नाहीत. ती कोणाच्याच यादीत नाहीत. पहिलं काम म्हणून ती यादी करावी. घरपट्टीच्या नोंदीत वापर निवासी की व्यापारी हे लिहिलेलं असतंच. दोन्ही वापर असलेल्या मिळकती वेगळ्या काढायला संगणक विभागाला फार दिवस लागू नयेत.

या पत्राचं लेखी उत्तर मिळावं आणि हा विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर कधी घेणार ते कळावं, ही विनंती. अग्निशमन विभागाने दिवस ठरवला तर पत्र्याखाली, मागाजवळ आणि झोपायच्या खोलीत यंत्रं कशी लावायची याचं प्रात्यक्षिक मी आणि माझ्या धंद्यातले काही मित्र विनामूल्य करून दाखवू. यंत्रं आमच्याकडची असतील. आपण फक्त पूर्व भागातली एक चालती इमारत आणि मालकाची संमती मिळवून द्यावी.

आपला नम्र,
सोलापूरच्या पूर्व भागातील एक परवानाधारक वीज कंत्राटदार